एमए सायकॉलॉजीला ॲडमिशन घेतलीय? मग ही दोन वर्षं अशी लावा

एमए सायकॉलॉजीला ॲडमिशन झाली की पहिल्या महिन्यातच दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. एक नातेवाईकांचे, की आता आमच्या मनातलं ओळखणार का, आणि दुसरे वर्कशॉपवाल्यांचे, की दोन दिवसांत सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) शिका, ई-सर्टिफिकेट मिळेल, लवकर नाव दिलं तर फीमध्ये सूट. नातेवाईकांचं हसून सोडून देता येतं, पण वर्कशॉपवाल्यांनी आपल्या पोरांचा भरपूर वेळ आणि आईबापांचा पैसा खाल्लाय असं माझं स्पष्ट मत आहे. मी क्लिनिकमध्ये इंटर्न घेते, त्यामुळे सीव्ही बघते. पानभर सर्टिफिकेटं असतात, आणि 'बरं, एक केस हिस्टरी, म्हणजे पेशंटची विचारून घेतलेली सगळी माहिती, लिहून दाखव' म्हटलं की चेहरा पडतो, कारण लिहिलेली हिस्टरी आजवर कोणी तपासूनच दिलेली नसते.

म्हणून पुढचं सगळं वाचताना एकच कसोटी डोक्यात ठेवा: हे जे मी करणार आहे त्यात माझं काम कोणी जाणकार माणूस बसून बघणार आहे का, लाल पेनाने खुणा करणार आहे का? उत्तर हो असेल तर फुकट असो वा पैसे देऊन, करा. नाही असेल तर ती नुसती करमणूक आहे, करायची तर करमणूक म्हणून करा.

आधी नकाशा बघून घ्या

पहिल्या सेमिस्टरला अभ्यास फार नसतो (प्रॅक्टिकल जर्नल सोडून), तेव्हाच हे काम उरकायचं. आपल्याकडे 'सायकॉलॉजिस्ट' हा शब्द कोणीही पाटीवर लावतं, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे नुसतं एमए करून लावता येत नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये त्याची व्याख्या दिलीय आणि ती रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआय, हिच्या मान्यतेला बांधलेली आहे. आरसीआयचा स्वतःचा कायदा १९९२ चा, आणि त्याच्या कलम १३ मध्ये नोंदणी नसताना प्रॅक्टिस केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. दंडाचा आकडा वाचून हसू येईल पण कैदेचं वाचा.

आजवरचा ठरलेला रस्ता म्हणजे एमए, मग दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी, मग आरसीआयचं रजिस्ट्रेशन. आता यात गोंधळ असा झालाय की नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल ही डिग्रीच बंद झाली, मग यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन एमफिलना तेवढी २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची सूट दिली, आणि आरसीआयने बाजूने साय-डी (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) आणि क्लिनिकलचं वेगळं एमए असे कोर्स आणले. त्यामुळे सीनियर जे सांगतील ते त्यांच्या वेळचं असेल हे धरून चाला. कुठल्याही कॉलेजची जाहिरात दिसली की तीन गोष्टी आरसीआयच्या वेबसाइटवर जाऊन स्वतः बघा: कोर्सचं नाव तंतोतंत तेच आहे का, त्या संस्थेला मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, आणि सीट किती मंजूर आहेत. मान्यता संस्थेला ठरावीक मुदतीची मिळते, कायमची नाही. 'प्रोसेसमध्ये आहे' असं ॲडमिशन काउंटरवर कोणी म्हणालं तर तिथून सरळ घरी या.

हीच वेबसाइट उलट्या बाजूनेही वापरा. ज्यांच्याकडे शिकायला जाताय त्यांचं नाव सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये, म्हणजे आरसीआयकडे नोंद असलेल्यांच्या यादीत, शोधा. रजिस्ट्रेशन नंबर विचारायला लाजू नका, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

क्लिनिकल म्हणजेच सायकॉलॉजी असंही नाही बरं का. शाळेतलं काउन्सेलिंग, रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजी (हेही आरसीआयकडेच येतं), कंपन्यांमधलं इंडस्ट्रियल काम, व्यसनमुक्ती, शिकवणं, रिसर्च, हे सगळं आहे. काउन्सेलर लोकांसाठी आजवर वेगळं लायसन्स नव्हतं, पण २०२१ चा अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आलाय आणि त्यात बिहेवियरल हेल्थ या गटाखाली सायकॉलॉजिस्टसुद्धा आलेत. त्याच्याच पाठोपाठ २०२५ मध्ये यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स नव्या प्रवेशांसाठी बंद करायला सांगितले. म्हणजे नोकरी करता करता घरबसल्या एमए हा जो रस्ता कित्येक बायकांनी लग्नानंतर धरला होता तो आता नव्याने येणाऱ्यांना नाही. मला याचं वाईट वाटतं, पण प्रॅक्टिकल न करता मिळालेल्या डिग्रीने पेशंटचं काय होतं तेही बघितलंय, त्यामुळे रडगाणं गाणार नाही.

कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट, या पात्रता परीक्षा. नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२४ पासून त्याच स्कोअरवर पीएचडीचा प्रवेशही धरतात, आणि जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) लागली तर महिना ३७ हजार रुपये, म्हणजे पीएचडी करताना घरी हात पसरावा लागत नाही. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीसाठी, आणि पेपर मराठीतूनही देता येतो. क्लिनिकलला जायचं नक्की असलं तरी नेटचा अभ्यास करून ठेवा, कारण एंट्रन्सलाही स्टॅटिस्टिक्स, लर्निंग, सायकोपॅथॉलॉजी हेच घोळवून विचारतात.

इंटर्नशिप: पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

दुसऱ्या सेमिस्टरच्या आधीच्या सुट्टीपासून शोधायला लागा. राज्यात चार जुनी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. याशिवाय मेडिकल कॉलेजांचे सायकियाट्री विभाग, पुण्यात व्यसनमुक्तीचं मुक्तांगण, ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, अशा जागा आहेत जिथे माणसं सतत येत असतात. सरकारी ठिकाणी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र लागतं, ते पत्र विभागप्रमुखांच्या सहीने, मग डीन किंवा अधीक्षकांच्या नावे, मग आवक-जावकला नंबर पडतो, आणि मग वाट. दोन महिने आधी द्या. ईमेल करून गप्प बसलात तर काही होणार नाही, स्वतः जाऊन क्लार्क मॅडमना भेटा, नम्रपणे विचारा, परत जा.

खासगी इंटर्नशिप विकत मिळतात. पैसे घेणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, शिकवणाऱ्याचाही वेळ जातो. पण आधी विचारा की आठवड्यात किती तास प्रत्यक्ष पेशंट समोर असतील, मी लिहिलेले रिपोर्ट कोण तपासणार, ते सुपरवायजर आठवड्यातून कितीदा बसणार, आणि एका वेळी किती इंटर्न घेता. चाळीस पोरं एका झूम मीटिंगमध्ये बसवून पीपीटी दाखवणार असतील तर तो क्लास झाला. आणि पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एकटं पेशंटसमोर बसवणार असतील तर त्याहून लांब राहा, कारण ते तुम्हाला शिकवत नाहीयेत, फुकटात वापरून घेतायत.

केस हिस्टरी मराठीत घ्यायला शिका

यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण हे कुठल्याच युनिट टेस्टला येत नाही. तुम्ही वाचता इंग्रजीत, डीएसएम-५-टीआर आणि आयसीडी-११ ही निदानाची पुस्तकं इंग्रजीत, आणि समोर बसलेल्या मावशी म्हणतात 'जीव घाबरा होतो, डोक्यात मुंग्या येतात, कशात मन लागत नाही.' यातलं काय चिंतेचं, काय डिप्रेशनचं, काय नुसतं बीपीचं, हे त्यांनाच अजून चार प्रश्न विचारून काढायचं असतं. 'तुम्हाला नैराश्य आहे का' असं विचारलं तर त्या तुमच्याकडे बघत बसतील. 'सकाळी उठल्यावर कसं वाटतं? स्वयंपाक करावासा वाटतो का? आधी कशात जीव रमायचा, आता रमतो का? झोप लागते, की लागून लवकर मोडते?' असं विचारलं तर त्या अर्धा तास बोलतील. मेंटल स्टेटस एक्झाम (पेशंटचं त्या वेळचं मन, विचार, लक्ष तपासणं) तर आपल्या भाषेत बांधूनच घ्यावी लागते. ॲब्स्ट्रॅक्शन, म्हणजे शब्दांमागचा अर्थ लागतो का, हे बघायला म्हणी विचारतो ना आपण, तिथे 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणजे काय हे विचारा. एखादा म्हणतो 'अंगण वाकडं असलं की नाचता येत नाही', एखादा म्हणतो 'स्वतःला येत नाही आणि दोष दुसऱ्याला', दोन्ही उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवायची, त्यावर लगेच शिक्का मारायचा नाही. पहिलं उत्तर शिक्षण कमी म्हणूनही येतं. शंभरातून सात वजा करत जा हे चौथीपर्यंत शिकलेल्या आजोबांना विचारण्यात काही अर्थ नाही, त्यांना विचारा शंभराची नोट दिली, पस्तीसची भाजी घेतली, परत किती आले. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावा.

मरणाचे विचार विचारायला नवीन पोरं सगळ्यात जास्त घाबरतात. विचारल्याने डोक्यात घुसतात ही भीती खोटी आहे, बिनधास्त विचारा, फक्त पायऱ्या धरून: जगणं नकोसं वाटतं का, मरून जावं असं येतं का मनात, तसं काही करायचं ठरवलंय का, काय ठरवलंय, घरात ते साधन आहे का. आणि 'ठरवलंय' किंवा 'साधन घरात आहे' असं उत्तर आलं तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, तुम्ही खोलीतून उठायचं नाही, सुपरवायजरला तिथेच बोलवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, पाठ करा, मराठीतून बोलता येतं, आणि तो पेशंटच्या घरच्यांनाही लिहून द्या.

दुसरी पाठ करायची गोष्ट म्हणजे गुप्ततेची हद्द. पेशंटने सांगितलेलं बाहेर जात नाही हे तुम्ही त्याला सांगाल, सांगायलाच हवं, पण पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे, तुम्ही स्टुडंट आहात म्हणून सुटका नाही. त्यामुळे पहिल्याच सेशनला आधी हद्द सांगायची, मग गुप्ततेचं वचन द्यायचं. उलट क्रमाने केलंत तर त्या मुलाचा विश्वास तुम्हीच मोडाल.

टेस्टिंग, आणि एक जूनची गंमत

लॅबमध्ये सरांनी एकदा दाखवलेली टेस्ट म्हणजे टेस्ट येणं नव्हे. निदान तीन-चार टेस्ट अशा हातात बसवा की मॅन्युअल न चाळता घेता येतील. आपल्या भागात बिने-कामत ही बुद्धिमत्तेची टेस्ट अजून ठिकठिकाणी ओपीडीत वापरतात, कामतांनी ती १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली, आणि मिसिक ही मुलांच्या बुद्धिमत्तेची टेस्ट मलिन यांनी नागपूरला १९६९ मध्ये केलेली. नॉर्म (ज्यांच्याशी तुलना करायची ते आकडे) इतके जुने असले की आजचं मूल खऱ्यापेक्षा थोडं वरचं दिसतं, हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहायची सवय लावा.

आता गंमत. आठेक वर्षांचा एक मुलगा, असं समजा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून. बिने-कामतवर मानसिक वय आलं ७२ महिने, दाखल्याप्रमाणे वय ९६ महिने, भागिले करून गुणिले शंभर, आयक्यू ७५. आई शेजारीच बसलीय, तिला विचारलं तर म्हणते 'नाही हो मॅडम, हा त्याच्या आधीच्या नवरात्रातला, पहिलीत घालताना गुरुजींनी लिहिली तारीख.' म्हणजे खरं वय आठ महिन्यांनी जास्त, १०४ महिने, आणि आयक्यू आला ६९. सत्तरची रेघ, जिच्याखाली बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो, ती मधे आहे. ७५ वर हातात काही येत नाही आणि ६९ वर सर्टिफिकेटचा, सवलतींचा, पुढच्या शाळेचा विषय सुरू होतो (नुसत्या आयक्यूवर काहीच ठरत नाही, रोजचं वागणं-वावरणं बघावंच लागतं, ते व्हाइनलँड या स्केलवर येतं, त्याचं आपल्याकडचं रूपही मलिन यांचंच). महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, हे प्रत्येक घरात एक तरी उदाहरण असल्याने सगळ्यांना माहीत असतं, फक्त टेस्ट घेताना आठवत नाही. असल्या गोष्टी शेजारी बसलेला सीनियरच पकडतो, सर्टिफिकेट पकडत नाही.

टेस्टच्या झेरॉक्स करू नका, रोर्शाकची शाईच्या डागांची कार्डं इन्स्टावर टाकू नका, कारण लोकांनी आधी बघितली की ती टेस्ट त्या माणसासाठी मेली. आणि बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणारं डीएमआयटी कोणी शिकवायला आलं तर सायकॉलॉजीचा विद्यार्थी म्हणून तिथे उभंसुद्धा राहू नका, त्याला शास्त्रीय आधार नाही.

डेझर्टेशन

तिसऱ्या सेमिस्टरला डेझर्टेशनचा, म्हणजे एमएच्या प्रबंधाचा, विषय ठरवता ठरवता जीव जातो. विषय छोटा घ्या. 'सोशल मीडिया आणि तरुणांचं मानसिक आरोग्य' हा विषय नाही, तो निबंध आहे. 'तालुक्याच्या ठिकाणी अभ्यासिकेत बसून एमपीएससी करणाऱ्या मुलांची झोप आणि चिंता' हा विषय आहे, माणसं कुठे भेटतील ते माहीत आहे, काय मोजायचं ते माहीत आहे. गूगल फॉर्म बनवून तो आपल्याच वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं बंद करा प्लीज, सगळ्यांची डेझर्टेशन एकाच शंभर पोरींवर झालेली असतात.

इंग्रजी स्केल (मोजमापाची प्रश्नावली) मराठीत लागली तर मूळ लेखकाला मेल करून परवानगी घ्या, बहुतेक जण देतात. मग एकाने मराठी करायचं, मूळ स्केल न बघितलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजी करायचं, दोन्ही ताडून बघायचं, आणि मग पाच-दहा साध्या माणसांना वाचून दाखवून विचारायचं की काय समजलं. हे शेवटचं सगळे गाळतात आणि तिथेच माती होते. कॉलेजची एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडे डेटा गोळा करायच्या आधी जा, नंतर नाही. ॲनालिसिसला जामोवी किंवा जास्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, संदर्भ लावायला झोटेरो फुकट आहे, क्रॅक केलेल्या एसपीएसएसच्या नादी लागून लॅपटॉपमध्ये व्हायरस घेऊ नका.

पेपर छापायची घाई करू नका. दोन दिवसांत छापून देतो, अमुक रुपये भरा म्हणणारी जर्नलं भरपूर आहेत, आणि यूजीसीची केअर लिस्ट (मान्य जर्नलांची यादी) ही २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे आता चांगलं-वाईट आपल्यालाच ओळखायचंय. एडिटोरियल बोर्डावरच्या दोन-चार नावांची त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर खातरजमा करा, रिव्ह्यूला किती वेळ लागतो ते बघा. आयएसीपी ही क्लिनिकल वाल्यांची संघटना १९६८ पासूनची आणि एनएओपी ही एकूण सायकॉलॉजीवाल्यांची १९८९ पासूनची, यांच्या परिषदांना विद्यार्थी म्हणून एकदा तरी जा, पोस्टर लावा. पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देताना जेवढं समजतं तेवढं व्हायवामध्ये समजत नाही.

स्वतःचं

नात्यातल्या, सोसायटीतल्या, मैत्रिणीच्या नवऱ्याच्या केस घ्यायच्या नाहीत. 'अगं जरा बोल ना तिच्याशी' असा फोन येतोच. बोला, बहीण म्हणून बोला, आणि नाव-नंबर देऊन दुसऱ्याकडे पाठवा. स्वतः कोणाकडे तरी सेशन घ्या, निदान काही महिने, त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही की पन्नास मिनिटं किती मोठी असतात. इन्स्टावर 'थेरपिस्ट' लिहायचा मोह एमए संपेपर्यंत तरी आवरा. आणि पैशाचं खरं सांगायचं तर सुरुवातीला कमीच मिळतात, स्वतःचं क्लिनिक लगेच काढून भाडं अंगावर घेण्यापेक्षा शाळेत किंवा संस्थेत पगारावर राहा, जिथे वरिष्ठ आहेत तिथे.

चौथ्या सेमिस्टरला कागद

लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, वय, स्त्री की पुरुष, तक्रार, तुम्ही काय केलं, किती वेळ, सुपरवायजरची सही. नाव लिहायचं नाही, केस नंबरही स्वतःचा वेगळा द्यायचा, आणि वही बसमध्ये उघडून बसायचं नाही. इंटर्नशिपचं पत्र घेताना त्यात एकूण तास आणि सुपरवायजरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबरसकट, लिहून घ्या, नुसतं 'समाधानकारक काम केले' असलेल्या पत्राला मुलाखतीत कोणी विचारत नाही. सही-शिक्का त्याच आठवड्यात. सरकारी दवाखान्यात सुपरवायजरची बदली मे-जूनमध्ये होते आणि मग नव्या मॅडम म्हणतात, तुम्हाला मी कुठे बघितलंय? मार्कशीट, कन्व्होकेशनचं सर्टिफिकेट, मायग्रेशन आणि आरक्षण असेल तर जातीचा दाखला, व्हॅलिडिटी आणि चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेयर, हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका. एंट्रन्सचे फॉर्म येतात तेव्हा पंधरा-वीस दिवसांची मुदत असते आणि त्या आठवड्यात तहसीलचं सर्व्हर हमखास बंद असतं.